मोतीबिंदू: आईबाबांना कोणती लेन्स बसवावी?

टिपकागद
नमस्कार. माझे आईबाबा साताऱ्यात असतात. आई ६९, बाबा ७४. दोघांचेही मोतीबिंदू काढायला झालेत. गेल्या आठवड्यात पुण्यात दाखवलं. डॉक्टरांनी तपासून "करून घ्या" एवढंच सांगितलं आणि पुढचं सगळं काउन्सेलर म्हणून बसलेल्या मुलीवर सोपवलं. तिने लॅमिनेट केलेलं दरपत्रक पुढे सरकवलं. एका डोळ्याचे दर: भारतीय मोनोफोकल २८ हजार, परदेशी मोनोफोकल ४२, ईडॉफ ७५, ट्रायफोकल १ लाख १०. शेवटच्या ओळीभोवती पेनाने आधीच गोल काढलेला होता.

आईला शाळेपासून उणे नंबर आहे, साडेतीनच्या आसपास. वाचन अफाट, शिवाय भरतकाम. बाबा एसटीच्या वर्कशॉपला होते. अजून गाडी स्वतः चालवतात, रात्री उशिरासुद्धा कोरेगावला काकांकडे जाऊन येतात. त्यांना मधुमेह आहे. धाकटा भाऊ म्हणतो, "आईबाबांच्या डोळ्यांसाठी पैसे मोजायचे का? दोघांनाही सगळ्यात भारी बसवू." म्हणजे चार डोळ्यांचे ४ लाख ४० हजार. सोय होईल हो, पण दोन अगदी वेगळ्या माणसांना एकच उत्तर कसं, हे मला कळत नाहीये. ज्यांनी स्वतः बसवून घेतली किंवा घरात कुणाला बसवली त्यांनी अनुभव सांगावेत. दवाखान्यांची नावं नकोत, लेन्सबद्दल बोला.

बोरकूट
पेनाने गोल? आमच्या वेळी हायलायटर होता. महागाई वाढली तशी स्टेशनरी उतरली म्हणायची.

अर्धविराम
मी दोन्ही डोळ्यांत ट्रायफोकल बसवून घेतली आहे. वय ६१, सीए, दिवसभर एक्सेल आणि मोबाइल. चष्मा पूर्ण गेला. जेवणाचं मेन्यूकार्ड, औषधाच्या पट्टीवरची एक्स्पायरी, समोरच्या बसवरची पाटी, सगळं बिनचष्म्याचं. माझ्यापुरते पैसे वसूल.

पण जे सांगत नाहीत ते सांगतो. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती गोल कडी दिसतात. पहिले काही महिने मी संध्याकाळी गाडी काढायचंच टाळलं. आता कडी आहेतच, पण लक्ष जात नाही. आणि मंद उजेडाच्या हॉटेलात तेच मेन्यूकार्ड मोबाइलचा टॉर्च लावल्याशिवाय वाचता येत नाही. तुमचे बाबा रात्री गाडी चालवतात म्हणालात, म्हणून आवर्जून लिहिलं.

सुरंगी
आमचा अनुभव वाईट. आम्ही कुडाळकडचे. आईला मल्टिफोकल (ट्रायफोकलसारखी, एकाहून जास्त अंतरांची) बसवली, पैसे भरपूर घेतले, आणि तिला धड लांबचं दिसेना की धड जवळचं. "सवय होईल, मेंदूला वेळ द्या" हे इतके महिने ऐकलं की शेवटी गोव्याला दुसरीकडे दाखवलं. त्यांनी पडद्याचं स्कॅनिंग केलं तर मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा, आजार आधीपासूनचा असावा असं निघालं. ऑपरेशनआधी ते स्कॅनिंग केलंच नव्हतं. आई आता भिंग घेऊन वाचते. लेन्स वाईट होती असं मी म्हणणार नाही, पण ती तिच्या डोळ्यासाठी नव्हती, आणि हे सांगायचं काम ज्यांचं होतं त्यांनी सांगितलं नाही.

खडूफळा
हेच! सगळा धंदा आहे. मोनोफोकल सोडून बाकी सगळे पैसे काढायचे प्रकार. माझ्या वडिलांचं शिबिरात फुकट झालं, चाळिशीचा चष्मा लावून रोज पेपर वाचतात. विषय संपला.

नेत्राळू
विषय इतक्यात संपवू नका. मी मराठवाड्यात डोळ्यांचा डॉक्टर आहे, रोज हेच काम. थोडं लांब लिहितो.

आपल्या डोळ्यातली मूळ लेन्स तरुणपणी जाड-बारीक होऊन लांबचं-जवळचं जुळवून घेते. मोतीबिंदूत ती गढूळ होते, म्हणून काढून तिच्याच पिशवीत कृत्रिम लेन्स ठेवतात. मोनोफोकल एकाच अंतरावर नीट दाखवते. ट्रायफोकलवर बारीक वर्तुळाकार पायऱ्या असतात. त्या येणारा प्रकाश लांब, मधलं आणि जवळ असा वाटून देतात. तिन्ही प्रतिमा पडद्यावर एकाच वेळी पडतात आणि हवी ती मेंदू उचलतो. प्रकाश वाटला गेला की प्रत्येक वाट्याला कमी येतो. अर्धविराम यांना मंद उजेडात टॉर्च लागतो तो त्यामुळे, आणि दिव्याभोवतीची कडी या वाटणीतूनच येतात. हा दोष लेन्स बिघडल्याचा नाही, ती तशीच बनवलेली असते.

ईडॉफमध्ये फोकस ताणून लांबट केलेला असतो. लांबचं आणि कॉम्प्युटरच्या अंतराचं चांगलं, बारीक अक्षराला बहुधा चष्मा. कडी ट्रायफोकलपेक्षा कमी. याशिवाय सुधारित मोनोफोकल म्हणून एक प्रकार मिळतो, जो दरपत्रकात मधेच कुठेतरी दडलेला असतो. लांबचं मोनोफोकलसारखं स्वच्छ, मधल्या अंतराचं थोडं अधिक.

आता खडूफळा यांना. पडदा निरोगी, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) नीट, रात्रीचं ड्रायव्हिंग फारसं नाही आणि चष्म्याचा मनापासून कंटाळा आहे, अशा माणसाला ट्रायफोकल दिली तर तो वर्षानुवर्षं दुवा देतो. पण ज्याच्या मॅक्युलाला आजार आहे, काचबिंदू पुढे गेलाय किंवा मधुमेहाने पडद्यावर परिणाम केलाय, त्याच्या डोळ्यात मुळातच प्रकाशाची आणि तपशिलाची चणचण असते. त्यात आणखी वाटणी करू नये. सुरंगीताई, तुमच्या आईचं स्कॅनिंग आधी व्हायला हवं होतं. त्याला ओसीटी म्हणतात, काही मिनिटांचं काम आहे.

टिपकागद, दोन प्रश्न. बाबांचा पडदा बाहुली मोठी करून तपासलाय का? आणि आई जवळचं वाचताना चष्मा लावते की काढते?

टिपकागद
धन्यवाद डॉक्टर. बाबांच्या डोळ्यात थेंब घालून पाहिलं होतं, पण ओसीटी म्हणाल तसं काही केलेलं नाही. आई वाचताना चष्मा कायम काढून ठेवते. सुई ओवतानासुद्धा. लहानपणी आम्हाला तिचा चष्मा शोधायचं कामच असायचं, कारण पुस्तक हातात घेतलं की तो कुठेतरी ठेवलेला असायचा.

जुना पोस्टमन
थोडं अवांतर, पण चालवून घ्या. माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा लेन्स बसवत नसत. नुसता मोतीबिंदू काढायचे आणि सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा द्यायचे. तो घातला की आजीला दाराची चौकट वाकडी दिसायची.

डोळ्यात लेन्स ठेवायची कल्पना हॅरल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरची. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या कॉकपिटवरच्या पारदर्शक ॲक्रिलिकचे कपचे घुसायचे. रिडलींनी पाहिलं की डोळा ते कपचे सहन करतो, काचेसारखा चिघळत नाही. मग त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स करून घेऊन २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांनी पहिली लेन्स बसवली. बरेच बडे डॉक्टर त्यांच्यावर कित्येक वर्षं उखडून होते. म्हातारपणी रिडलींच्या स्वतःच्या डोळ्यांतही त्याच हॉस्पिटलात लेन्स बसल्या.

आणि गंमत म्हणजे त्या पहिल्या पेशंटबाईंच्या लेन्सचा नंबर भलताच चुकला होता. ऑपरेशननंतर त्यांना मोठा उणे नंबर लागला.

बोरकूट
म्हणजे "सवय होईल, मेंदूला वेळ द्या" हे वाक्य १९४९पासून चालू असणार.

नेत्राळू
पोस्टमनकाका, तुमचं अवांतर मुद्द्याचंच आहे. आजही नाराज पेशंटांमध्ये लेन्सच्या जातीपेक्षा नंबर चुकल्यामुळे नाराज झालेले भरपूर असतात. डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची वक्रता मोजून लेन्सचा नंबर काढतात, त्याला बायोमेट्री म्हणतात. डोळे कोरडे असतील तर वक्रतेचं माप दर वेळी वेगळं येतं. मग लाखाची लेन्स आणि बसवली चुकीच्या नंबरची. मोनोफोकलला अर्ध्या नंबरची चूक माणूस चालवून घेतो, ट्रायफोकलला ती झोंबते. त्यामुळे आधी कोरडेपणावर उपचार करून घ्या, माप पुन्हा घ्यायला सांगा, दोन्ही मापं जुळतात का बघा. काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मोजायच्या आधी काही दिवस त्या बंद ठेवायच्या असतात.

वांगीभात
मला "टोरिक लागेल" म्हणून २० हजार जास्त सांगितलेत. हे खरं असतं की वरकमाई?

नेत्राळू
तुमच्या कॉर्नियाला तिरका नंबर, म्हणजे सिलिंडर, एकच्या वर असेल तर टोरिकचा उपयोग होतो. खरं तर ज्या थोड्या ठिकाणी जादा पैसे दिल्याचं समाधान जवळपास सगळ्यांना मिळतं, त्यात मी टोरिक धरतो. फक्त ती ठरलेल्या कोनातच बसावी लागते. एक अंश फिरली तर सुमारे ३ टक्के परिणाम जातो, तीस अंश फिरली तर सिलिंडरवरचा फायदा शून्य. चष्म्याच्या जुन्या नंबरवरून ठरवू नका, कॉर्नियाचं माप विचारा. पुष्कळदा चष्म्यातला सिलिंडर मोतीबिंदूमुळे आलेला असतो आणि त्याच्याबरोबर निघूनही जातो.

वांगीभात
माप पावणेदोन लिहिलंय. म्हणजे खरं आहे. थोडा हिरमोड झाला, भांडायची तयारी करून आलो होतो.

खडूफळा
मी अजून तयारीत आहे. हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर सरकारने २०१७मध्ये मर्यादा घातली, त्याच वर्षी गुडघ्याच्या इम्प्लांटवर घातली. डोळ्याच्या लेन्सवर का नाही? मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयवाल्यांनी १९९२मध्ये ऑरोलॅब काढून लेन्स स्वतः बनवायला घेतली आणि परदेशी लेन्सच्या तुलनेत किंमत कुठल्या कुठे आणली. मग १ लाख १० हजार कशाचे?

अर्धविराम
त्या १ लाख १० हजारात नुसती लेन्स नसते. ऑपरेशन, मशिनरी, सर्जनची फी, आणि बायोमेट्री नीट करणारा माणूसही असतो. तरी लेन्सचा भाव वेगळा लिहून मागायला हरकत नाही. मी मागितला होता. दोन दवाखान्यांत एकाच कंपनीच्या एकाच लेन्सच्या पॅकेजमध्ये ३० हजारांचा फरक होता.

विम्याचंही सांगतो. माझ्या पॉलिसीत मोतीबिंदूला एका डोळ्यामागे ४० हजारांची मर्यादा होती, वरचे सगळे खिशातून. शिवाय बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला सुरुवातीची दोन वर्षं थांबावं लागतं. भावाला आधी पॉलिसीचा कागद उघडायला लावा.

एडिसनकर
न्यू जर्सीतून. इथे मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) साध्या मोनोफोकलसकट ऑपरेशनचा खर्च देतं, मल्टिफोकल हवी असेल तर वरचा फरक आपण भरायचा. माझ्या सासऱ्यांनी मोनोफोकलच घेतली, पण मोनोव्हिजन करून. एक डोळा लांबसाठी, दुसरा थोडा जवळसाठी. हे तिकडे कुणी सुचवत नाही का?

इथे लाइट ॲडजस्टेबल लेन्स पण निघाली आहे. ऑपरेशननंतर अतिनील किरण टाकून लेन्सचा नंबर डोळ्यातच दुरुस्त करतात. तोपर्यंत खास चष्मा घालून हिंडायचं. किंमत विचारू नका.

बोरकूट
विचारत नाही. तुम्ही सांगाल आणि आमचे डोळे ऑपरेशनशिवाय पांढरे होतील.

सुरंगी
मोनोव्हिजन माझ्या मावसभावाने केलंय, मडगावला. तो खूश आहे. त्याने आधी कित्येक वर्षं काँटॅक्ट लेन्स तशाच वापरल्या होत्या, म्हणून सवय होती. माझ्या शेजारणीला मात्र जिना उतरताना पायरीचा अंदाज येत नाही. आधी चष्म्याने किंवा काँटॅक्ट लेन्सने करून बघावं असं मला वाटतं.

नेत्राळू
सुरंगीताईंशी सहमत. फरक लहान ठेवला तर पुष्कळ जणांना जमतं, मोठा ठेवला तर खोलीचा अंदाज बिघडू शकतो. आणि सुचवत नाहीत कारण त्यात दरपत्रकावर वेगळी ओळ नसते, एवढंच नम्रपणे नमूद करतो.

टिपकागद, तुमच्या आईबद्दल. त्यांनी साठ वर्षं चष्मा काढून जवळचं बघितलंय. अशा माणसाला मोनोफोकल बसवून नेहमीच्या पद्धतीने लांबचा नंबर शून्य केला, तर लांबचं लख्ख दिसतं आणि जन्मात पहिल्यांदा पुस्तकाला चष्मा लागतो. माझ्याकडे असे पेशंट येऊन रडले आहेत. ऑपरेशन उत्तम, नजर उत्तम, आणि तरी "माझं वाचन घेतलंत" अशी तक्रार. त्यांना विचारा, बिनचष्म्याचं काय हवं, पुस्तक की समोरचा डोंगर? पुस्तक म्हणाल्या तर साधी मोनोफोकलच उणे अडीचच्या सुमाराला ठेवता येते. हातभर अंतरावरचं वाचन, टाके, सगळं चष्म्याविना. लांबला चष्मा लागेल, जो त्यांना आजही लागतो.

ट्रायफोकलनेही वाचता येईल, पण तीनाच्या पुढचा उणे नंबर असलेली माणसं चष्मा काढून अगदी नाकाजवळ धरून बारीक बघतात. ते सुख ट्रायफोकल देत नाही. भरतकामवाल्यांना हे लगेच जाणवतं.

एक खात्री करा, हा नंबर खरंच शाळेपासूनचा आहे ना? मोतीबिंदू पिकताना काहींना उतारवयात नव्याने उणे नंबर येतो आणि अचानक बिनचष्म्याचं वाचता येऊ लागतं. घरचे खूश होतात, पण ते वेगळं प्रकरण.

टिपकागद
शाळेपासूनचाच. सातवीतल्या फोटोतसुद्धा चष्मा आहे. हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नव्हता. आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "अजिंक्यतारा पाठ आहे मला, तो चष्म्यातून बघेन. पुस्तकाचं तेवढं जपा."

खडूफळा
आईंना माझा नमस्कार सांगा. ८२ हजार एका डोळ्यामागे वाचवले.

टिपकागद
सगळ्यांसाठी अपडेट. दुसरं मत साताऱ्यातच घेतलं. बाबांच्या ओसीटीत मधुमेहाचे सुरुवातीचे बदल दिसले. नजरेवर परिणाम करण्याइतके नाहीत, पण डॉक्टरांनी ट्रायफोकलला स्पष्ट नाही म्हटलं. सिलिंडर दीडचा निघाला म्हणून टोरिक मोनोफोकल, लांबसाठी. साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीख देणार नाही म्हणालेत, त्यामुळे बाबांचे पेढे बंद आणि घरात अबोला चालू आहे.

आईचा पहिला डोळा झाला. मोनोफोकल, जवळसाठी. पट्टी काढल्यावर वाचन वगैरे राहिलं बाजूला, स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, "डबे असले कळकट ठेवता तुम्ही?" दुसरा डोळा डॉक्टर पहिल्याचा नंबर स्थिरावल्यावर करणार आहेत, म्हणजे काही फरक आला तर दुसऱ्यात जुळवून घेता येईल.

भावाला समजावणं सगळ्यात अवघड गेलं. त्याला वाटत होतं आपण आईबाबांना स्वस्तातलं देतोय. शेवटी ओसीटीचा कागद त्याला पाठवला आणि डॉक्टरांशीच फोनवर बोलायला लावलं. आता तो आईसाठी वाचायचा चांगला दिवा घेतोय.

नेत्राळू
छान. थेंब वेळेवर घाला, डोळा चोळू देऊ नका, आणि लेन्सच्या खोक्यावरचं स्टिकर फाइलला लावून मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर सगळं असतं. पुढे कुठल्याही डॉक्टरला उपयोगी पडतं. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नजर पुन्हा धूसर झाली तर लेन्स खराब झाली असं समजू नका. मागची पिशवी गढूळ होते, याग लेझरने काही मिनिटांत साफ होते. मात्र लेन्सबद्दल मुळातच तक्रार असेल तर याग करायच्या आधी बोला, कारण त्यानंतर लेन्स बदलणं बरंच कठीण जातं. हे मल्टिफोकलवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

चाफेकळी
नवीन सभासद आहे. धागा वाचून माझा प्रश्न विचारते. माझं २००८मध्ये लेसिक (चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन) झालंय, आता ५८व्या वर्षी मोतीबिंदू सांगितलाय. ट्रायफोकल घ्यावी का? आणि दवाखान्यात पॅकेजमध्ये "रोबोटिक" असं लिहिलंय, ते काय?

नेत्राळू
रोबोटिक म्हणून जे विकतात ते बहुतेक ठिकाणी फेम्टो लेझर असतं. ऑपरेशनचे सुरुवातीचे काही टप्पे लेझरने करतात. निष्णात हाताने केलेल्या नेहमीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपेक्षा (फेको) नजर अधिक चांगली येते असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. ऐच्छिक समजा.

लेसिकचं मात्र महत्त्वाचं. लेसिकने कॉर्नियाचा आकार बदललेला असतो, त्यामुळे नेहमीच्या सूत्राने लेन्सचा नंबर चुकतो. लेसिकआधीचे कागद असतील तर घेऊन जा.

चाफेकळी
तो दवाखाना आता मंगल कार्यालय झालाय. कागद कुठून आणू?

बोरकूट
लग्न ठरवा, हॉलबरोबर फाइल मागा.

नेत्राळू
कागद नसले तरी अडत नाही, लेसिक झालेल्यांसाठी वेगळी सूत्रं आहेत. टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, करून घ्या आणि लेसिक झाल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. पुष्कळ पेशंट ते ऑपरेशन म्हणून मोजतच नाहीत. नंबर थोडा इकडेतिकडे होईल हे धरून चाला, आणि त्यासाठीच ट्रायफोकलपेक्षा मोनोफोकलकडे किंवा सुधारित मोनोफोकलकडे माझा कल राहील. टोपोग्राफीचा रिपोर्ट आला की इथेच लिहा.